मुरलीधर हजर

पहाटे पाच पंचवीसला, गुजरीच्या कोपऱ्यावर
मुकादम वही उघडतो:
मुरलीधर?
आणि मी, पदर कानामागं खोचत, म्हणते,
हजर.
आता कुणी हसत नाही. पहिल्या आठवड्यात हसले होते,
गफूर ड्रायव्हर तर घंटागाडीचं स्टेअरिंग धरून.

मुरलीधर आहे. खोटा नाही तो.
एम.ए. झालाय, इतिहासात.
अडतीस जागांना साडेअकराशे अर्ज आले त्या साली
स्टेडियमवर एकेकाच्या हातात खराटा दिला,
शंभर फूट झाडून दाखवा म्हणाले.
डी.एड.ची पोरं, इस्त्रीच्या शर्टातली, एक वकिलीचा,
अशी झाडत होती की धूळ जणू चावणार आहे.
माझाही नंबर होता. सातशे चार.
माझं झाडणं बघून साहेब म्हणाले, वा!
यादी लागली, तिच्यात वा नव्हता.

मुरलीधर लागला. दुसऱ्या महिन्यात
घरपट्टीच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसला.
खराटा माझ्याकडं आला, आणि पगारातले नऊ हजार.
बाकीचे किती, मी विचारत नाही, तो सांगत नाही.
माणूस वाईट नाही. संक्रांतीला माझ्या पोरीला दप्तर घेतलं.
आता मोबाईलला तोंड दाखवायची हजेरी आली तर
बिचारा रोज पहाटे गाडीवर येतो, डोळे चोळत,
तोंड दाखवतो, झोपायला जातो.
तोंड त्याचं, हात मपले.
वही मात्र मुकादमानं सोडली नाही. हात मोजायला लागतात.

पोरीच्या शाळेत करिअरवाले सर आले होते.
फळ्यावर शिडी काढली म्हणं,
ज्या कामात वाढ आहे त्यात शिरा.
रात्री भाकरी मोडत पोरगी विचारती,
आई, तुझ्या कामात वाढ आहे का?

वाढ?
वसमत रोडला तीन मंगल कार्यालयं होती, आता अकरा.
एकेका लग्नाच्या दोन दोन हजार बाटल्या,
अर्ध्याच्या वर पाणी तसंच, परभणीत, मे महिन्यात.
उरुसात गाडी दिवसाला तीनदा भरती.
पूर्वी माणूस गेला की गोधडी निघायची,
आता गादी निघती, दोघांनी धरावी लागती.
ओला वेगळा, सुका वेगळा, लोकं ऐकत नाहीत,
मग मपलं-तुपलं मीच करत बसते, हाताने, डेपोवर.
हातमोजे फोटोपुरते आले होते. मोजून परत नेले.
वाढच वाढ आहे बाई.
काम पर्मनंट. माणूस तेवढा टेंपरवारी.

आज्याचं नाव उकंडा.
त्याच्या आधीची तिघं हाती लागली नाहीत
म्हणून ह्याला नाळ कापल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं,
आणि सुईणीकडून पसाभर कोंड्यावर विकत घेतलं:
मरणाला वाटावं, कचरा आहे, कशाला न्यायचा.
ब्याऐंशी वर्षं जगला.
नगरपालिकेच्या वहीत एकदाही चढला नाही.
मला कधीमधी वाटतं,
मरणाला फसवायला केलं होतं ते, वहीला कुणी सांगितलं?

पोरगी पेन घेऊन बसली होती. सरांचा फॉर्म.
आईचा व्यवसाय, तिथं अडली.
काय लिहू?
म्हटलं, ऱ्हाऊ दे आत्ता, आधी जेव.

काल मुरलीधर सासुरवाडीला गेला होता.
मोबाईलला तोंड मिळालं नाही.
मुकादमानं वहीवर फुली मारली,
माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं,
म्हणाला, आता आलीच आहेस तर.

अख्खा नांदखेडा रोड मी झाडला, गैरहजर राहून.
पावणेसातला पोरगी तिथूनच शाळेला गेली,
पाठीवर मुरलीधरचं दप्तर,
नुकत्या लावलेल्या ढिगाला वळसा घालून.